अर्धवट थांबलेला टेनिस सामना: वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

प्रश्न: पावसामुळे सामना थांबला, तर तो नेमका कुठून पुन्हा सुरू होतो? चालू असलेला गेम नव्याने खेळवतात का?

नाही. गेम तर सोडाच, त्या गेममधला एकही मिळवलेला गुण पुसला जात नाही. खेळ थांबताच चेअर अंपायर वेळ, सेट, गेम आणि गुणांची स्थिती, सर्व्हिस कोणाची होती आणि कोणता खेळाडू कोर्टाच्या कोणत्या बाजूला उभा होता, हे सर्व लिहून ठेवतो, आणि सामना दुसऱ्या दिवशी सुरू झाला तरी याच नोंदीनुसार सुरू होतो. चेंडू खेळात असताना व्यत्यय आला, तर मात्र तेवढा एक गुण पुन्हा खेळवला जातो. 2008 च्या विम्बल्डन अंतिम सामन्यात पाचव्या सेटमध्ये 2-2 अशी बरोबरी आणि फेडररच्या सर्व्हिसवर ड्यूस (म्हणजे त्या गेममध्ये 40-40 अशी बरोबरी) असताना पाऊस आला. खेळाडू परतले तेव्हा फेडररने त्याच ड्यूसपासून सर्व्हिस केली.

प्रश्न: अंधार पडू लागला तरी पंच 'आणखी एक गेम होऊ द्या' म्हणतात, आणि पावसात मात्र मध्येच थांबवतात. हा दुजाभाव का?

हा दुजाभाव नाही, उलट समान न्यायासाठीच केलेली तरतूद आहे. पाऊस विचारून येत नाही. हिरवळीचे कोर्ट थोड्याशा ओलाव्यानेही निसरडे होते आणि खेळाडूचा गुडघा किंवा घोटा दुखावण्याचा धोका असतो, म्हणून तिथे गुणसंख्या पाहत बसायला वेळ नसतो. (मातीच्या कोर्टावर रिमझिम पावसात बराच वेळ खेळ चालू राहतो, तोही याच कारणाने: तिथे पाय त्या मानाने कमी घसरतो.) अंधार मात्र हळूहळू येतो आणि त्याचा अंदाज बांधता येतो. म्हणून नियम असा आहे की अंधारामुळे खेळ थांबवायचा असेल, तर तो सेट संपल्यावर किंवा चालू सेटमध्ये सम संख्येने गेम झाल्यावर थांबवावा. सम संख्येने गेम झाले म्हणजे त्या सेटमध्ये दोघांनीही सारख्याच वेळा सर्व्हिस केलेली असते, आणि मावळत्या प्रकाशात आपल्यालाच एक सर्व्हिस जास्त करावी लागली, अशी तक्रार कोणालाही करता येत नाही.

2010 मध्ये विम्बल्डनच्या 18 क्रमांकाच्या कोर्टावर झालेला इस्नर आणि माहू यांचा सामना या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. तो दोनदा अंधारामुळे थांबला: पहिल्यांदा 22 जूनला दोन-दोन सेट झाल्यावर, आणि दुसऱ्यांदा 23 जूनला पाचव्या सेटमध्ये 59-59 असताना. पहिल्या वेळी सेट संपला होता, दुसऱ्या वेळी गेमची संख्या सम होती. तिसऱ्या दिवशी इस्नरने तो सेट 70-68 असा जिंकला आणि 11 तास 5 मिनिटांचा हा सामना संपला. याउलट 2001 मध्ये इव्हानिसेविच आणि हेनमन यांची उपांत्य लढत शुक्रवारी पावसाने थांबवली, तेव्हा चौथ्या सेटमध्ये हेनमन 2-1 असा पुढे होता. म्हणजे गेम तीन, विषम संख्या. पावसापुढे सम-विषमाचा हिशेब चालत नाही.

प्रश्न: सामना पुन्हा सुरू होताना सरावाला वेळ मिळतो का? आणि चेंडू नवे देतात का?

सरावाचा वेळ खंड किती मोठा होता त्यावर ठरतो. ग्रँड स्लॅम स्पर्धांमध्ये पंधरा मिनिटांपर्यंतच्या खंडानंतर सराव मिळत नाही, पंधरा ते तीस मिनिटांच्या खंडानंतर तीन मिनिटे आणि त्याहून मोठ्या खंडानंतर पाच मिनिटे मिळतात.

चेंडूंची बाब बारीक आहे, पण मला ती फार महत्त्वाची वाटते. खेळ थांबला की वापरातले सगळे चेंडू अंपायर गोळा करून जपून ठेवतो. सराव दुसऱ्या चेंडूंनी होतो आणि खेळ सुरू होताना ते जुनेच चेंडू परत येतात. चेंडू खेळून खेळून फुगीर आणि मंद होतो, तर नव्या चेंडूवर सर्व्हिस वेगाने जाते. मध्येच नवे चेंडू दिले, तर ज्याची सर्व्हिस असेल त्याला पावसाने आयता फायदा करून दिल्यासारखे होईल.

प्रश्न: सामना छप्पर बंद ठेवून सुरू झाला आणि दुसऱ्या दिवशी स्वच्छ ऊन असेल, तर छप्पर उघडतात का?

विम्बल्डनमध्ये दोन्ही खेळाडू राजी असतील तरच. 2018 मध्ये जोकोविच आणि नदाल यांची उपांत्य लढत संध्याकाळी उशिरा छपराखाली सुरू झाली आणि रात्री अकराच्या मर्यादेमुळे तिसऱ्या सेटनंतर थांबली. दुसऱ्या दिवशी हवा उत्तम असूनही छप्पर बंदच राहिले आणि जोकोविचने पाचवा सेट 10-8 असा जिंकला. यावर तेव्हा बरीच चर्चा झाली. बंद छपराखाली वारा नसतो आणि चेंडूचा फटकाही वेगळा बसतो, त्यामुळे ज्या परिस्थितीत सामना सुरू झाला त्याच परिस्थितीत तो संपावा, हा नियम मला योग्य वाटतो.

प्रश्न: मग खंड पडल्याने कोणाचाच फायदा होत नाही, असे म्हणावे का?

तसे म्हणता येणार नाही. गुण, सर्व्हिस, बाजू आणि चेंडू नियमाने राखता येतात, पण लय राखता येत नाही. 2012 च्या फ्रेंच ओपन अंतिम सामन्यात ओल्या मातीवर चेंडू जड झाले आणि जोकोविचने सलग आठ गेम जिंकले. रविवारी खेळ थांबला तेव्हा नदाल दोन सेट जिंकून, तिसरा गमावून चौथ्यात 1-2 असा मागे होता. सोमवारी परतताच त्याने जोकोविचची सर्व्हिस भेदली, म्हणजे त्याच्या सर्व्हिसचा गेम जिंकला, आणि तो सेट 7-5 असा घेऊन विजेतेपद मिळवले. शिवाय सामना सुरू असताना प्रशिक्षकाच्या सल्ल्याला मनाई होती त्या काळातही, खेळ स्थगित असताना सल्ला घ्यायला मुभा होती. ज्याचा डाव बिघडलेला असतो, त्याला अशी एक रात्र मिळणे ही फार मोठी गोष्ट आहे.

प्रश्न: दुसऱ्या दिवशी एखादा खेळाडू दुखापतीमुळे उतरूच शकला नाही तर?

त्याने माघार घेतली असे मानतात, आणि थांबलेल्या गुणसंख्येसह प्रतिस्पर्ध्याच्या नावे विजय नोंदवतात. पहिली सर्व्हिस झालेली असल्याने तो 'वॉकओव्हर' ठरत नाही. वॉकओव्हर फक्त सुरूच न झालेल्या सामन्यात दिला जातो.