इंग्लिश चित्रकार टर्नरचं ‘स्लेव्ह शिप’ (गुलामांचं जहाज) हे नुसतं वादळी सूर्यास्ताचं चित्र म्हणून पाहावं का?

नाही, हे गुलामांच्या व्यापारावरचं चित्र आहे आणि पेटलेलं आकाश त्या गुन्ह्यापासून वेगळं काढता येत नाही. टर्नरने दिलेलं पूर्ण शीर्षकच सांगतं की गुलामांचे व्यापारी मेलेल्यांना आणि मरणाऱ्यांना समुद्रात फेकताहेत, वादळ येतंय. उजव्या कोपऱ्यात बेडी अडकलेला पाय आणि त्याभोवती मासे दिसतात. आधी तिथे बघा, मग सूर्याकडे. चित्रामागे एक खरी घटना असल्याचं मानलं जातं: १७८१ मध्ये गुलाम वाहून नेणाऱ्या ‘झाँग’ या ब्रिटिश जहाजावरून १३० हून अधिक गुलामांना पाण्यात ढकललं गेलं, कारण आजाराने मेलेल्या गुलामाचा विमा मिळत नसे, पण ‘माल’ वाचवण्यासाठी फेकला असं दाखवून दावा करता येई. चित्र लंडनच्या रॉयल अकॅडमीत १८४० साली लागलं, त्याच वर्षी लंडनमध्ये जागतिक गुलामगिरीविरोधी परिषद भरली. ब्रिटनने स्वतःच्या वसाहतींत १८३३ च्या कायद्याने गुलामगिरी संपवली असली तरी इतर देशांची जहाजं हा धंदा करतच होती. मात्र हे ‘झाँग’चं हुबेहूब चित्रण समजू नका: त्या घटनेत असं वादळ नव्हतं. आणि टर्नरला निष्कलंक सुधारक ठरवण्याआधी हेही लक्षात घ्या की १८०५ मध्ये त्याने जमैकातल्या, गुलामांच्या श्रमावर चालणाऱ्या मळ्यात पैसे गुंतवले होते.