फोटो नाटकाचा काढ

प्रिय पोरी,

अनेक आशीर्वाद. शाळेच्या नाताळच्या नाटकात लेकीला मेंढीचं काम मिळालंय आणि तुला 55-250 झूम, म्हणजे लांबचं जवळ आणणारी लेन्स, घ्यायची आहे, हे एका दमात लिहिलेलं तुझं पत्र मिळालं. लेन्स घेऊ नकोस. माझ्याकडची पन्नास मिलिमीटरची, 1.8 वाली, झूम न होणारी लेन्स तुझ्या कॅमेऱ्याला बसते. रविवारी येऊन घेऊन जा. तीच का, ते पुढे लिहितो. त्याआधी मुख्य गोष्ट: लेकीचे फोटो काढायला म्हणून जाऊ नकोस. नाटकाचे काढ. ती नाटकात आहेच, ती आपोआप येईल.

झूम हाती आला की आईबाप काय करतात, हे ठाण्यातल्या शाळांच्या गॅदरिंगना मी कायम बघतो. पडदा उघडला की आधी आपलं पोर शोधायचं, थेट त्याच्या चेहऱ्यावर जायचं आणि तिथेच मुक्काम ठोकायचा. घरी येऊन पाहावं तर कापसाच्या टोपीतले नुसते चेहरे, सगळे पासपोर्टच्या मापाचे. ही मेंढी बेथलेहेमात होती की सोसायटीच्या फॅन्सी ड्रेसला, कळायला मार्ग नाही. अगं, मेंढीला वाक्य नसतं. ज्याला वाक्य नाही त्याचं सगळं काम ऐकण्यात असतं. गडकरी रंगायतनला नाटकांचे फोटो काढताना मी बोलणाऱ्यापेक्षा ऐकणाऱ्यावर जास्त डोळा ठेवला, कारण रंगमंचावर काही घडतंय की नुसतं पाठांतर चाललंय, ते ऐकणाऱ्याच्या तोंडावर आधी दिसतं. देवदूत घसा ताणून ‘भिऊ नका’ म्हणतोय आणि तुझी मेंढी आ वासून त्याच्याकडे बघतेय, हा तुझा फोटो. त्यासाठी चौकटीत देवदूत हवा.

म्हणून पन्नासची. सातव्या-आठव्या रांगेतून, म्हणजे साधारण आठ मीटरवरून, तुझ्या कॅमेऱ्यात तिच्यातून साडेतीन मीटर रुंदीचा रंगमंच मावतो. दोन-तीन मेंढ्या, एक मेंढपाळ आणि त्यांच्यामागे स्टुलावर उभा देवदूत, एवढं बसतं. दुसरं म्हणजे प्रकाश. तुझी कॅमेऱ्यासोबत आलेली लेन्स 55 वर नेलीस की 5.6 च्या पुढे उघडत नाही (हा आकडा जितका लहान, तितकं लेन्सचं छिद्र मोठं). ही 1.8 पर्यंत उघडते, म्हणजे जवळजवळ दहापट उजेड आत घेते. शाळेच्या हॉलमध्ये उजेडाची बोंबच असते, त्यामुळे हा फरक फार मोठा. पण पूर्ण 1.8 वर ठेवलंस तर मेंढी शार्प येईल आणि मागे उभा देवदूत पुसट होऊ शकतो. 2.8 वर ठेव, आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेड टिपण्याची क्षमता, 3200 ला बिनधास्त ने. फोटोत थोडे दाणे आले तर येऊ देत.

शटरचं मात्र नीट वाच. हल्ली शाळेच्या स्टेजवर स्वस्तातले एलईडी पार, म्हणजे डब्यासारखे दिवे, लावतात. आपली वीज 50 हर्ट्झची, त्यामुळे असे दिवे बरेचदा सेकंदाला 100 वेळा लुकलुकतात. डोळ्याला ते कळत नाही, कॅमेऱ्याला कळतं, आणि फोटोत आडवे काळे पट्टे उमटतात. शटर 1/100 सेकंद ठेवलंस तर बहुतेक वेळा पट्टे जातात. मग हलणारी मुलं थोडी पुसट येतील, तर ती थबकतात तेव्हा दाब. लहान मुलं स्टेजवर फार थबकतात, पुढचं आठवत नसतं ना. मागचा पडदा काळा आणि देवदूताचा झगा पांढराशुभ्र, असं असलं की कॅमेरा फसतो आणि झगा जाळून टाकतो. एक्सपोजर एकने उतरव, म्हणजे फोटो एक पायरी गडद घे. फ्लॅश बंद, आणि फोकससाठी पेटतो तो छोटा लाल दिवाही बंद. फ्लॅशने आधी पुढच्या रांगेतल्या आजोबांचं टक्कल उजळतं. फोनवर काढणार असशील तर चेहऱ्यावर बोट दाबून फोकस लॉक कर आणि उजेड खाली ओढ. बोटांनी झूम करू नकोस, आणि स्क्रीनचा ब्राइटनेस अगदी कमी ठेव, मागे माणसं बसलेली असतात.

आता गोष्ट. ती आधी वाच, दहा मिनिटांचं काम आहे. मेंढपाळांचा प्रसंग लूकच्या शुभवर्तमानात, दुसऱ्या अध्यायात. ज्ञानी लोकांचा मत्तयच्या दुसऱ्या अध्यायात. शाळेत दोन्ही जोडून एकच नाटक करतात. ज्ञानी लोक किती, हे मत्तय सांगतच नाही. भेटी तीन, सोने, ऊद आणि गंधरस, म्हणून माणसंही तीन धरली आणि पुढे त्यांचे राजे झाले. बैल आणि गाढव दोन्हीकडे नाहीत. चित्रांत मात्र ते पूर्वीपासून आहेत, आणि 1223 साली इटलीतल्या ग्रेच्चो गावी संत फ्रान्सिसने गवत घालून, खरा बैल आणि खरं गाढव उभं करून गव्हाणीचा देखावा केला. मुलं चाळीस आणि भूमिका दहा अशी अडचण झालेल्या बाईंवर फ्रान्सिसचे उपकारच आहेत. बघायचं असेल तर तलावपाळीजवळच्या सेंट जॉन द बॅप्टिस्ट चर्चमधला गव्हाणीचा देखावा लेकीला दाखवून आण, कोण कुठे उभं असतं ते तिलाही कळेल.

हे सगळं का सांगतोय? तुझी वेळ कुठे सुरू होते आणि कुठे संपते, ते कळावं म्हणून. देवदूत आला की मेंढ्यांचं काम सुरू. राजे आले की बाई विंगेतून खुणा करून मेंढ्यांना कोपऱ्यात ढकलतात आणि पुढे मुकुट आणि जरीचे झगे पसरतात. मधली जी काही मिनिटं आहेत ती तुझी. रंगीत तालीम बघायला मिळते का, बाईंना विचार; नुसतं बघायला, कॅमेरा नको. मेंढ्या डावीकडून येतात की उजवीकडून, देवदूताचं स्टूल कुठे, एवढं टिपून घे आणि मेंढ्यांचे चेहरे जिकडे वळतात त्या बाजूच्या खुर्च्या पकड. पहिल्या रांगेसाठी भांडू नकोस. तिथून मुलांच्या नाकपुड्या दिसतात.

राजे आले की कॅमेरा पिशवीत. हे लिहिताना मी कडक होतोय, होऊ दे. लिंडा हेन्केल या मानसशास्त्रज्ञ बाईंचा एक प्रयोग आहे, 2014 साली सायकॉलॉजिकल सायन्समध्ये छापून आला. संग्रहालयातल्या ज्या वस्तूंचे लोकांनी फोटो काढले त्या त्यांना नुसत्या पाहिलेल्या वस्तूंपेक्षा कमी आठवल्या. मात्र एखाद्या भागावर झूम करून काढला तेव्हा ही घट दिसली नाही. झूमच्या बाजूने हा पुरावा तू माझ्यापुढे टाकशील, म्हणून मीच सांगून टाकतो. संग्रहालयातली मूर्ती एकटी उभी असते आणि कुणाचं ऐकत नाही. तुझी मेंढी ऐकते. शिवाय ती तुला शोधणार. कोपऱ्यात ढकललेल्या मुलांना दुसरं काम नसतं, ती प्रेक्षकांत आई शोधतात. तेव्हा तिथे काळी लेन्स दिसायला नको. तिने हात हलवला तर तूही हलव. बाईंना चालणार नाही, पण चालवून घेतील.

व्हिडिओ काढू की नको, असंही विचारलं आहेस. शाळा काढतेच. जावयांना सांग, त्यांनी एक मिनिट काढावा, शेवटच्या गाण्याचा, आजीला पाठवायला.

फोटो स्टेटसला लावताना एवढं पाळ: नाटकाचे फोटो काढलेस म्हणजे त्यात दुसऱ्यांची पोरं येणारच. ती आपली नाहीत. ज्याचा फोटो छान आलाय त्याच्या आईला तो थेट पाठव, लावायचा का ते तिला ठरवू दे. तुझ्या स्टेटसला फक्त तुझी लेक.

आणि पडदा पडल्यावर लगेच रिक्षा पकडू नकोस, मागच्या दाराने मेकअपच्या खोलीकडे जा. चादरीखाली वाकून गाढवाचे मागचे पाय झालेलं एखादं पोर तिथे घामाघूम होऊन बसलेलं असेल. अख्ख्या नाटकात त्याचा चेहरा कुणाला दिसलेला नसतो, म्हणजे त्याच्या आईकडे त्याचा एकही फोटो नसणार. त्याच्या हातात गाढवाचं मुंडकं दे आणि एक नीट फोटो काढ. खोलीत ट्यूबलाइट असेल, शटर 1/100 च राहू दे. आईचा नंबर वर्गाच्या ग्रुपवर मिळेल.

रविवारी ये, अकरानंतर. लेकीलाही आण.

तुझा,
काका