गोव्यातल्या गोळ्या, इजिप्तचा अभ्यास आणि बाबांची ‘टीबी गोल्ड’

प्रश्न : डॉक्टरताई, मे २०२१ मध्ये आमच्या गोव्यात सरकारने अठरा वर्षांवरच्या सगळ्यांना कोविडसाठी आयव्हरमेक्टिन (जंतांवरचं औषध) देणार असं जाहीर केलं होतं, आम्हीपण घरात सगळ्यांनी घेतल्या गोळ्या. तेव्हा ग्रुपवर फिरत होतं की मेटा-ॲनालिसिसमध्ये सिद्ध झालंय, मृत्यू कमी होतात. आता मुलगा एमबीबीएसला आहे, तो म्हणतो काही उपयोग नव्हता, आणि तोही मेटा-ॲनालिसिसचंच नाव घेतो. मग खरं काय धरायचं? – एक वाचक, म्हापसा

उत्तर : तुमचा गोंधळ होणं अगदी साहजिक आहे, त्या वर्षी आमचाही झाला होता. आधी शब्द बघू. एखाद्या औषधावर जगभरात जेवढे अभ्यास झालेत ते सगळे शोधून काढायचे, कुठले घेणार कुठले नाही हे शोधायच्या आधीच लिहून ठेवायचं (नाहीतर मनासारखे तेवढे उचलले जातात), आणि प्रत्येक अभ्यास नीट केलाय का ते तपासायचं, हा झाला सिस्टिमॅटिक रिव्ह्यू. त्यातले आकडे एकत्र करून एक उत्तर काढलं की मेटा-ॲनालिसिस. पण नुसती सरासरी नाही हं, मोठ्या अभ्यासाला वजन जास्त, छोट्याला कमी.

कॉक्रेन नावाची संस्था १९९३ पासून हेच काम करते, तिचा मूळ लोगो एकदा नेटवर बघा. मधे एक उभी रेघ, तिच्या आजूबाजूला सात आडव्या रेघा, आणि खाली आपल्या शंकरपाळीसारखा एक चौकोन. प्रत्येक आडवी रेघ म्हणजे एक अभ्यास, उभी रेघ म्हणजे ‘काही फरक पडला नाही’. दिवस भरायच्या आधीच बाळंत होऊ घातलेल्या बाईला स्टिरॉइडचं इंजेक्शन दिलं तर बाळ वाचतं का, हा प्रश्न. आडवी रेघ उभ्या रेघेला छेदून गेली तर त्या एकट्या अभ्यासावरून ठाम काही बोलता येत नाही, आणि बऱ्याच रेघा तशाच आहेत. शंकरपाळी म्हणजे सगळ्यांचं मिळून उत्तर, ती मात्र उभ्या रेघेला न शिवता स्पष्ट डावीकडे, म्हणजे बाळं वाचतात. पहिला अभ्यास न्यूझीलंडमध्ये १९७२ ला छापून आला आणि सगळे एकत्र मांडायला १९८९ उजाडलं. इंजेक्शन स्वस्तातलं होतं हो, मधल्या सतरा वर्षांत किती बाळं गेली असतील, मला आजही तो लोगो बघितला की कसंतरी होतं.

आता आयव्हरमेक्टिन. सुरुवातीच्या मेटा-ॲनालिसिसमध्ये इजिप्तचा एक अभ्यास होता, मृत्यू जवळजवळ ९० टक्के कमी होतात म्हणणारा, त्यामुळे शंकरपाळी फायद्याच्या बाजूला ओढली गेली. मग लंडनमधल्या एका विद्यार्थ्याने त्याचा मूळ डेटा उघडून बघितला तर काही पेशंटच्या नोंदी जशाच्या तशा दुसऱ्यांदा चिकटवलेल्या, काही जण तर अभ्यास सुरू व्हायच्या आधीच वारलेले! जुलै २०२१ मध्ये तो अभ्यास मागे घेतला गेला, आणि असे शंकास्पद अभ्यास बाजूला काढून पुन्हा गणित मांडलं तेव्हा मृत्यू कमी होण्याचा फायदा उरलाच नाही. पुढे ब्राझीलमधल्या १,३५८ पेशंटच्या अभ्यासातही हॉस्पिटलात भरती व्हायची वेळ काही टळली नाही. तेव्हा मुलाचं बरोबर आहे. तुम्ही गोळ्या घेतल्यात त्यात तुमची काही चूक नाही, समोर जे होतं त्यावरून घेतल्यात.

प्रश्न : बाबा ६२ वर्षांचे, दोन महिने खोकला, संध्याकाळी कणकण, वजनही उतरलंय. इथल्या डॉक्टरांनी ‘टीबी गोल्ड’ ही रक्ततपासणी केली, पॉझिटिव्ह आली, लगेच गोळ्या सुरू करा म्हणाले. दुसरे म्हणतात आधी बेडका सीबीनॅट तपासणीला पाठवा. रक्ताची तपासणी एवढी महागडी, मग ती जास्त खात्रीची नाही का? – एक मुलगी, सांगली जिल्हा

उत्तर : नाही गं, दुसऱ्या डॉक्टरांचं ऐक. टीबी गोल्ड एवढंच सांगते की शरीराची टीबीच्या जंतूशी कधीतरी गाठ पडलीये, आणि आपल्याकडे ती कितीतरी धडधाकट माणसांची पडलेली असते. आत्ता खोकला टीबीचाच आहे का हे तिला सांगता येत नाही. आपल्यासारख्या देशांतले अभ्यास एकत्र केले तेव्हा दिसलं की टीबीचा आजार नसलेल्या शंभर जणांमागे चाळीस-पन्नास जणांना ती पॉझिटिव्ह येते. म्हणून आजार ओळखायला ती आपल्याकडे वापरू नका, असं डब्ल्यूएचओने २०११ मध्येच सांगितलंय.

त्याच वर्षी त्यांनी टीबीच्या आयजीजी-आयजीएम अँटिबॉडी (जंतूविरुद्ध शरीर रक्तात बनवतं ते पदार्थ) शोधणाऱ्या तपासण्यांचेही ९४ अभ्यास एकत्र तपासले. कुठे तपासणी सगळे पेशंट पकडते, कुठे जवळपास एकही नाही, असा सगळा सावळागोंधळ निघाला, आणि आपल्या केंद्र सरकारने २०१२ मध्ये त्या किट्सवर बंदीच घातली. त्याच्या आधी माझ्याकडे एक बाई आल्या होत्या, आयजीएम पॉझिटिव्ह म्हणून चार महिने टीबीच्या गोळ्या खाल्लेल्या, डोळे पिवळे झालेले, आणि बेडका कुणी तपासलेलाच नव्हता. दमा होता त्यांना. मी फाईल उलटसुलट चाळत बसले, बेडक्याचा एक कागद सापडेल म्हणून.

आता सीबीनॅटचं, म्हणजे बेडक्यात टीबीच्या जंतूचा डीएनए शोधणाऱ्या तपासणीचं, गणित बघ. २०१४ च्या कॉक्रेन रिव्ह्यूमध्ये आलं की टीबी असलेल्या शंभरातले ८९ ती पकडते, आणि नसलेल्या शंभरातल्या ९९ जणांना नाही म्हणूनच सांगते. समज हजार खोकणारे आले आणि त्यातल्या शंभर जणांना खरंच टीबी आहे, तर सीबीनॅट ८९ पकडेल आणि उरलेल्या नऊशेतले फक्त नऊजण उगाच अडकतील. तिथे टीबी गोल्ड लावली तर निदान साडेतीनशे अडकतील. या आकड्यांत बाबा कुठे बसतात ते बघ, म्हणजे मी एवढा हट्ट का करतेय ते कळेल. शिवाय रिफाम्पिसिन हे मुख्य औषध लागू पडेल का तेही सीबीनॅट सांगते. काही ठिकाणी तशीच तपासणी करणारं ट्रूनॅट मशीन असतं, ते गोव्यात बनलेलं, त्यालाही डब्ल्यूएचओची मान्यता आहे, तेही चालेल. सरकारी दवाखान्यात हे फुकट होतं.

मात्र थुंकी नको, बेडकाच हवा. सकाळी उठल्यावर चूळ भरायला सांग, मग दोन-तीनदा खोल श्वास घेऊन छातीतून खोकून जो घट्ट येतो तो डबीत, उघड्या हवेत उभं राहून. डबीचं झाकण घट्ट लाव, वर नाव लिही आणि त्याच दिवशी नेऊन दे. निगेटिव्ह आला तरी घरी बसू नका, शंभरातले ११ सुटतात हे वर आलंच आहे, एक्स-रे आणि कल्चर (बेडक्यातले जंतू वाढवून बघायची तपासणी) याबद्दल डॉक्टरांना विचार. रिपोर्ट आला की मला लिही, वाट बघते.