पेन्सिलीने खुणा करणारा वाचक

चि. लेखिकेस,

अनेक आशीर्वाद.

तुझी कादंबरी दोनदा वाचली. पहिल्यांदा एका बैठकीत, रात्री दीड वाजेपर्यंत. दुसऱ्यांदा हातात पेन्सिल घेऊन, चार दिवस. सोबतच्या चिठ्ठीत तू विचारलं आहेस, "वाचकांना आवडेल ना?" हा प्रश्न वाचून मी थांबले. कोणत्या वाचकांना? तुझ्या डोळ्यांसमोर कुणाचा चेहरा आहे का? मला वाटतं, नाही. कादंबरीत ज्या ज्या ठिकाणी गडबड झाली आहे, ती त्यामुळेच झाली आहे.

मी माझ्या वाचकाबद्दल सांगते. मी आठवी-नववीत होते. घरी रहस्यकथा वाचताना पकडलं की बोलणी बसायची, म्हणून मी त्या वाचनालयाच्या बाकावरच बसून संपवायची. बाबूराव अर्नाळकरांनी हजाराहून जास्त कादंबऱ्या लिहिल्या. त्यांतल्या किती त्या बाकावर वाचल्या, याचा हिशेब नाही. पहिल्याच पानावर खुन्याचं नाव लिहून ठेवणारी माणसं तेव्हाही होती, त्यांचं सोडून दे. पण काही पुस्तकांच्या समासात बारीक, नेटक्या अक्षरात पेन्सिलीने लिहिलेलं सापडायचं. 'पान ६१ : घड्याळ बंद आहे. मग पान ८८ वर टोले कसे पडले?' कुठे नुसती एक टिंबाएवढी खूण, आणि पुढे शंभर पानांनी कळायचं की तो धागा होता. एका पुस्तकाच्या शेवटच्या पानावर लिहिलेलं मला आजही जसंच्या तसं दिसतं : 'पान ३४ वरच सांगितलं होतं. शाबास.'

तो माणूस कोण, बाई की बुवा, मला कधीच कळलं नाही. मी ग्रंथपालांकडे रजिस्टर मागितलं होतं, त्यांनी दिलं नाही. पण त्यानंतर मी जे काही लिहिलं ते त्या एका 'शाबास'साठी लिहिलं. लेखक म्हणून मला भेटलेला तो पहिला गुरू.

आता तुझ्या कादंबरीकडे येते. माईंचा खून. मार्गशीर्षातली थंडी, जुना वाडा, सकाळी साडेसात वाजता सूनबाई हाक मारायला जातात आणि माई अंथरुणात गेलेल्या. सगळ्यांची समजूत अशी की त्या रात्री अकराच्या सुमारास गेल्या. त्या वेळी भाचा इचलकरंजीला लग्नघरात, चाळीस माणसांच्या डोळ्यांसमोर. प्रत्यक्षात माई पहाटे पाचपर्यंत जिवंत होत्या, आणि त्याचा एकमेव पुरावा म्हणजे दारातली रांगोळी. धागा फार सुंदर सुचला आहे तुला. तो आपल्याच घरातला आहे, एखाद्या इंग्रज लेखकाला सुचला नसता. पण तू तो मांडलास कसा? 'दारात ठिपक्यांची ताजी रांगोळी होती. ती पाहून इन्स्पेक्टर क्षणभर विचारात पडले.' अगं, इन्स्पेक्टर विचारात पडले की वाचक सावध झालाच! तू त्याचं बोट धरून त्याला धाग्यापाशी नेऊन उभं केलंस. ज्याला आपला वाचक लक्ष देईल याची खात्री नसते, तोच असं लिहितो.

मी असं करून पाहिलं : 'हवालदाराने बाहेरच चपला काढल्या, रांगोळीतल्या कासवावर पाय पडू नये म्हणून अंग चोरून तो कडेने उंबऱ्याशी आला आणि मुजरा केल्यासारखा वाकून आत शिरला. दार ठेंगणं होतं.' यात रांगोळी आहे, ती न विस्कटलेली आहे हेही आहे, पण वाचकाला दिसतो तो हवालदाराचा सभ्यपणा आणि ठेंगणं दार. दोन पानांनी शेजारीण सहज बोलून जाऊ दे की कासव काढावं तर माईंनीच, सुनेला ठिपके कधी जुळलेच नाहीत. बस. आदल्या दिवशीची रांगोळी दिवसभराच्या वर्दळीत पुसटते, सकाळी सडा पडला की उरलेलीही जाते, हे मराठी वाचकाला सांगावं लागत नाही. ते त्याला माहीत आहे, फक्त त्या क्षणी आठवत नाही. शेवटी आठवलं की तो स्वतःच्या कपाळावर हात मारून घेईल. तुझ्यावर चिडणार नाही, कारण सगळं त्याच्या हातात होतं.

हा वाचकाचा हक्क आहे, आणि तो जुना आहे. 1929 मध्ये इंग्लंडात रोनाल्ड नॉक्स या धर्मगुरूने रहस्यकथेचे दहा नियम लिहिले. त्यांतला एक असा की गुप्तहेराच्या हाती लागलेला प्रत्येक धागा त्याच वेळी वाचकालाही दिसला पाहिजे. त्याच वर्षी अमेरिकेत दोन मावसभावांची 'एलरी क्वीन' या एकाच नावाने लिहिलेली पहिली कादंबरी आली. त्यांच्या सुरुवातीच्या कादंबऱ्यांत उलगड्याआधी गोष्ट थांबते आणि वाचकाला उघड आव्हान दिलं जातं : आता सगळी माहिती तुमच्यापाशी आहे, खुनी कोण ते सांगा. असं पान तू छापू नकोस, पण ते आहे असं धरून लिही. ते पान कुठे बसवता येईल? तुझ्या आत्ताच्या खर्ड्यात ते कुठेच बसत नाही, कारण भाच्याच्या कर्जाची गोष्ट तू शेवटच्या प्रकरणात पहिल्यांदा काढतेस. ती माझ्या समासवाल्याला चालली नसती. मलाही चालत नाही.

दुसरं, निवेदकाचं. पान ५७ वर तू स्वतःच्या शब्दांत लिहिलं आहेस, 'माई रात्रीच गेल्या होत्या.' हे सूनबाई म्हणाल्या असत्या तर हरकत नव्हती. पात्रांनी हवं तितकं खोटं बोलावं, त्यांना बोलायचंच असतं. पण निवेदन खोटं बोललं की वाचकाशी केलेला करारच मोडला. 'सगळ्यांनी धरून चाललं की माई रात्रीच गेल्या' असं लिही. तेवढा एक शब्दप्रयोग बदलला की तू प्रामाणिक राहतेस, आणि वाचक तरीही फसतो. अगाथा क्रिस्टीच्या 1926 मधल्या एका कादंबरीवरून मोठा वाद झाला होता, बाईंनी वाचकाला दगा दिला म्हणून. ती कोणती, हे तुला कळेलच. शेवट कळल्यावर ती पहिल्यापासून पुन्हा वाच. बाईंनी दडवलं कसं आणि खोटं लिहायचं टाळलं कसं, ते वाक्यावाक्याला दिसेल.

क्रिस्टीबाई पहिल्या महायुद्धात इस्पितळाच्या औषधालयात काम करत होत्या, विषांची माहिती त्यांना तिथली. 1920 साली पहिली कादंबरी आली तेव्हा औषधशास्त्राच्या एका नियतकालिकाने तिच्यातल्या विषाच्या अचूकपणाची तारीफ केली, आणि त्या तारिफेचा त्यांना फार आनंद झाला होता. मला तो आनंद समजतो. जाणकाराची दाद वेगळीच असते.

तुझा वाचकही कधी कंपाउंडर असेल, कधी कोर्टातला कारकून. पहाटे पाचनंतर गेलेल्या माईंचा देह साडेसातला सापडतो आणि तू लिहितेस, 'हातापायांची बोटंसुद्धा लाकडासारखी ताठ झाली होती.' ताठरपणा साधारण दोन-तीन तासांनी पापण्या, जबडा, मान इथून सुरू होतो, बोटांपर्यंत पोचायला आणखी कितीतरी तास जातात, आणि थंडीत तर तो आणखी सावकाश येतो. म्हणजे तुझंच शवविच्छेदन तुझ्या उलगड्याच्या विरोधात साक्ष देतं. उलट कर : सूनबाईंनी माईंची मान सरळ केली, ती सहज वळली, आणि त्यांनी पदर तोंडाला लावला. वाचकाला रडणं दिसेल. कंपाउंडर मात्र पेन्सिल उचलेल.

शेवटही तसाच. भाचा ठाण्यात फौजदारासमोर ढसाढसा रडून सगळं कबूल करतो आणि खटला संपतो. पोलिसासमोर दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून वापरता येत नाही. 1872 च्या पुरावा कायद्यात हे कलम 25 मध्ये होतं, 1 जुलै 2024 पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 23 मध्ये आहे. पण आरोपीच्या सांगण्यावरून एखादी वस्तू सापडली, तर त्या शोधाशी थेट जोडलेलं त्याचं बोलणं पुराव्यात येतं. मग त्याला पंचांसमोर वाड्यामागच्या आडापाशी ने, मुद्देमाल वर काढ. हे नाट्य रडण्यापेक्षा किती मोठं आहे बघ! आडात गळ फिरतो आहे, दोन पंच थंडीत कानटोप्या घालून उभे आहेत आणि भाचा पाण्याकडे बघत नाही.

तुला हे सगळं जाचक वाटेल. मलाही वाटलं होतं. माझ्या दुसऱ्या कादंबरीत गणेश चतुर्थीच्या रात्री अकरा वाजता एक साक्षीदार खुन्याला चांदण्यात ओळखतो. पुस्तक आलं आणि महिन्याभरात एक पोस्टकार्ड. 'बाई, शुद्ध चतुर्थीचा चंद्र नऊच्या आसपास मावळतो. शिवाय त्या रात्री आपल्याकडे कुणी मान वर करून बघत नाही. तुमच्या साक्षीदाराने ओळखलं कसं?' सगळी कादंबरी त्या साक्षीवर उभी होती. मी दोन दिवस जेवले नाही नीट. मग त्यांना उत्तर लिहिलं, चूक कबूल केली, दुसऱ्या आवृत्तीत साक्षीदाराच्या हातात कंदील दिला. पुढच्या पुस्तकापासून मी पंचांग उघडून बसते.

लोक तुला सांगतील, हल्ली वाचकाला धीर नाही, पहिल्या पानावर मुडदा पाड, दर पाच पानांनी धक्का दे. धीर नसलेले वाचक आहेत, खरं आहे. त्यांच्यासाठी लिहिणारेही पुष्कळ आहेत. तू ज्या तऱ्हेने सूनबाईंचं आणि माईंचं न बोलता चाललेलं भांडण लिहिलं आहेस, दुधाच्या पातेल्यावरची ती दोन झाकणं, ते धीराच्या वाचकासाठीच आहे. तो तुला आधीच माहीत आहे, फक्त खुनाच्या वेळी तू त्याला विसरतेस.

आणि त्याने खुनी ओळखला तर? ओळखू दे. ही भीती मनातून काढ. त्याने ओळखू नये म्हणून तू पान १८० नंतर तो नवा माळी आणलास ना? त्याला काढून टाक. अगदी निर्दयपणे. जो वाचक रांगोळी पाहून पहाट ओळखतो, त्याच्याइतकं तुझ्या पुस्तकावर कुणी प्रेम केलेलं नसेल.

हस्तलिखित सोबत परत पाठवते आहे. वर लिहिलेलं सगळं पानांवरही आहे. आणखी एक, पान ११२ च्या समासात पेन्सिलीची एक बारीक खूण आहे. तिच्याबद्दल पत्रात काही लिहीत नाही. तुझी तू शोध, आणि सापडल्यावर मला पोस्टकार्ड टाक. दुसरा खर्डा होळीपर्यंत आला तर बरं, त्यानंतर मी दोन महिने मुलीकडे जाणार आहे.

तुझी,
ताई