सांधा बदलल्यावर आजूबाजूच्या टिश्यूत प्लास्टिकचे कण आहेत हे लॅबमध्ये कसं ओळखतात?

पोलराइज्ड लाइट, म्हणजे एकाच दिशेत कंप पावणारा उजेड. तो न लावता रिपोर्ट लिहिणाऱ्यांशी मी आजही भांडतो.

मी यवतमाळ जिल्ह्यातला, लॅब टेक्निशियन. मायचा खुबा बदलला होता, वाटी पॉलिथिलीन या प्लास्टिकची, जुन्या प्रकारची. त्याच्यानंतर अकरा वर्षं मायनं पऱ्हाटीतलं निंदण, वेचणी सगळं केलं. मग मांडीत कळ सुरू झाली, एक्स-रेत वाटीमागचं हाड पोखरलेलं दिसलं. मोठा भाऊ तिच्या तोंडावर म्हणे, "तुले सांगतलं होतं ना वावरात जाऊ नको, आता भोग." एका डॉक्टरनं आत पू झाला म्हणून दोन महिने गोळ्या दिल्या, काही फरक नाही. शेवटी दुसरं ऑपरेशन झालं, आतून काढलेल्या टिश्यूचा रिपोर्ट आला, जुनाट सूज, विशेष काही नाही. माय तेव्हा काहीच बोलली नाही, पण मला ते झेपलं नाही. मी स्लाइड मागून आणली, आमच्या मायक्रोस्कोपला एक पोलराइझर (उजेड गाळणारी काच) खाली लाइटवर आणि एक लेन्सच्या वर लावला, फिरवून फील्ड काळं केलं. जिनिंगमध्ये उन्हाच्या तिरपीत तूस उडताना दिसतो ना, तसे पांढरे चमकणारे तुकडे, मोठमोठ्या जायंट सेलच्या, म्हणजे अनेक पेशी एकत्र होऊन बनलेल्या पेशींच्या पोटात. साध्या उजेडात तिथं काहीच दिसत नव्हतं.

आणि हे दिसतात ते फक्त मोठे. बहुतेक कण एक मायक्रॉनपेक्षा (मिलिमीटरच्या हजाराव्या भागापेक्षा) लहान असतात, ते मॅक्रोफेज या कचरा गिळणाऱ्या पेशी गिळतात, त्यांच्या पोटात सुटे दिसत नाहीत, आणि हाड पोखरायला लावणारे संकेत तिथूनच सुटतात. ऑइल रेड ओ या रंगानं पॉलिथिलीन उठून दिसतं, पण ती जास्तीची मेहनत आहे. खात्रीच करायची तर टिश्यू विरघळवून कण वेगळे काढून इन्फ्रारेडनं तपासतात, तालुक्याला ते होत नाही.

धातूचे कण काळे दिसतात, चमकत नाहीत. बोन सिमेंट (सांधा हाडात बसवायचा मसाला) स्लाइड बनवताना वापरतात त्या झायलिन या द्रवात विरघळून जातं, जागी नुसती भोकं राहतात. टाक्याचा धागा, टाल्क, हातमोज्याचा स्टार्चही चमकतो, स्टार्चमध्ये क्रॉस दिसतो, तो पाहून घ्या.

एक राहिलं, कण सापडले म्हणून इन्फेक्शन नाही असं म्हणू नका. न्यूट्रोफिल (इन्फेक्शनमध्ये वाढणाऱ्या पांढऱ्या पेशी) मोजा, कल्चरचा, म्हणजे जंतू वाढवून पाहायचा तुकडा फॉर्मलिनमध्ये टाकू नका, वेगळा पाठवा.

हे प्लास्टिक चार्नली या इंग्रज सर्जननं 1962 पासून खुब्यात वापरलं, त्याआधीचं टेफ्लॉन लवकर झिजलं म्हणून. हेही झिजतंच, चालणं जास्त तर झीज जास्त, तेवढं दादाचं खरं आहे. नव्वदच्या दशकाच्या शेवटी आलेलं क्रॉसलिंक्ड (साखळ्या एकमेकींना जोडलेलं) पॉलिथिलीन बरंच कमी झिजतं. पण खेड्यातल्या बाईचा खुबा बदलून तिला बाजेवरच बसवून ठेवायचं होतं तर बदललाच कशाला? ती स्लाइड माझ्याकडे आहे, दादा पोळ्याला घरी आला की त्याला दाखवणार आहे.