ब्लॉगवरची स्वतंत्र पानं : आधी पत्ता, मग नाव

प्रश्न : गूगलच्या ‘ब्लॉगर’ या ब्लॉग-सेवेवर ‘माझ्याविषयी’ नावाचं पान तयार केलं, पण त्याचा पत्ता ‘/पी/ब्लॉग-पेज.एचटीएमएल’ असा आला. तो बदलता येईल का?

उत्तर : ब्लॉगर पानाचा पत्ता शीर्षकावरून बनवतो आणि त्यात फक्त रोमन अक्षरं, अंक नि आडव्या रेघा घेतो. शीर्षक पूर्ण देवनागरीत असलं की त्याच्या हाती काहीच लागत नाही, म्हणून तो ‘ब्लॉग-पेज’ लिहून मोकळा होतो. पुढच्या पानांना त्यामागे आकडे जोडतो. पोस्ट लिहिताना उजवीकडे ‘पर्मालिंक’मध्ये हवा तो पत्ता देता येतो. पानांना ती सोय नाही.

त्यामुळे नवं पान करताना क्रम महत्त्वाचा. ‘पेजेस’मधून ‘न्यू पेज’ उघडा, शीर्षकात रोमन लिपीत ‘अबाउट’ एवढंच लिहा आणि पान पब्लिश करा. पत्ता त्याच क्षणी कायम होतो. मग पान पुन्हा एडिटला घेऊन शीर्षक ‘माझ्याविषयी’ करा आणि अपडेट करा. वाचकाला मराठी नाव दिसेल, पत्ता मात्र ‘/पी/अबाउट.एचटीएमएल’च राहील. एक-दोन शब्दांपेक्षा मोठं रोमन शीर्षक देऊ नका, लांब पत्ता मध्येच तोडला जातो.

तुमचं पान आधीच प्रसिद्ध झालंय, तेव्हा नुसतं शीर्षक बदलून उपयोग नाही. जुन्या पानाचा मजकूर ‘एचटीएमएल व्ह्यू’मधून उचला, म्हणजे फोटो आणि मांडणी जशीच्या तशी येते. वरच्या रीतीने नवं पान करून तो तिथे चिकटवा. जुनं पान ड्राफ्टमध्ये टाका. नंतर सेटिंग्जमध्ये ‘एरर्स अँड रीडायरेक्ट्स’खाली ‘कस्टम रीडायरेक्ट्स’ (जुन्या पत्त्यावर आलेल्याला नव्याकडे वळवण्याची सोय) उघडून ‘फ्रॉम’मध्ये जुना पत्ता आणि ‘टू’मध्ये नवा द्या, ‘पर्मनंट’ चालू करा. दोन्ही पत्ते तिरप्या रेघेने सुरू व्हायला हवेत. ब्लॉगचं नाव किंवा ‘एचटीटीपीएस’ त्यात घालायचं नाही. इथे बहुतेकांचं अडतं ते सेव्ह करताना : आधी ओके आणि मग बाहेरच्या चौकटीतलं सेव्ह, अशी दोन बटणं दाबावी लागतात.

याच सोयीने ‘/अबाउट’ असा सुटसुटीत पत्ताही नव्या पानाकडे वळवता येतो. व्हिजिटिंग कार्डावर तो छापायला फार बरा. मात्र पान उघडल्यावर वर ‘/पी/’सकट पूर्ण पत्ताच दिसेल. ब्लॉगरवर ‘/पी/’ काढता येत नाही, स्वतःचं डोमेन जोडलं तरी नाही.

प्रश्न : ‘कविता’ नावाचं पान केलं. नव्या कविता त्यात आपोआप कशा जमा होतील?

उत्तर : होणार नाहीत. पान म्हणजे एकच स्थिर मजकूर. त्यात पोस्ट टाकता येत नाहीत, त्याला लेबल, म्हणजे विषयाची खूणही नसते. तुम्हाला पान नकोच आहे, लेबल हवं आहे. प्रत्येक कवितेच्या पोस्टला ‘कविता’ हे लेबल लावा. प्रसिद्ध झालेल्या पोस्टखालच्या त्या लेबलवर क्लिक केलं की फक्त कवितांची यादी उघडते. तिचा पत्ता कॉपी करा, लेआउटमधल्या ‘पेजेस’ गॅजेटमध्ये (ब्लॉगवर पानांच्या लिंक दाखवणारा भाग) ‘ॲड एक्स्टर्नल लिंक’ने चिकटवा आणि नाव ‘कविता’ द्या. लेबल मात्र दर वेळी अक्षरशः सारखंच हवं. कुठे ‘कविता’, कुठे ‘कविता संग्रह’ असं झालं, तर यादी फुटते.

प्रश्न : पान पब्लिश केलं, पण ब्लॉगवर कुठेच दिसत नाही.

उत्तर : पान मुखपृष्ठावर, संग्रहात किंवा फीडमध्ये (नव्या पोस्ट वाचकांपर्यंत आपोआप पोचवणारी यादी) येत नाही. लेआउटमध्ये ‘ॲड अ गॅजेट’मधून ‘पेजेस’ घ्या (काही थीममध्ये ते आधीच असतं), हव्या त्या पानांसमोर खूण करा, क्रम लावा आणि सेव्ह करा. गूगल सर्च कन्सोलमध्ये (आपली साइट गूगलच्या शोधात कशी दिसते ते पाहायची सेवा) पोस्टच्या साइटमॅपखेरीज, म्हणजे पत्त्यांच्या यादीखेरीज, ‘साइटमॅप-पेजेस.एक्सएमएल’ वेगळा द्या, कारण पानांची यादी त्यातच असते. फीडवरून वाचणाऱ्यांना नवं पान कळावं यासाठी त्याची लिंक देणारी छोटी पोस्ट टाका.