जुन्या मारुती ८०० चे ब्रेक : सुटे भाग घेण्यापूर्वी

मारुती ८०० चे उत्पादन १९८३ ते २०१४ पर्यंत चालले, त्यामुळे केवळ गाडीचे नाव सांगून मागचे ब्रेक शू (चाकाच्या ड्रमला आतून दाबून गाडी थांबवणाऱ्या अर्धगोल पट्ट्या) मागू नका. आरसी बुकातील चासी क्रमांक दाखवा आणि काढलेला जुना शू सोबत न्या. नव्या शूची रुंदी, स्प्रिंगची छिद्रे आणि हँडब्रेकच्या लिव्हरची जागा काउंटरवरच जुन्याशी ताडून पाहा, कारण जेमतेम बसवलेला शू ड्रमला एकाच बाजूने घासतो आणि ब्रेक मारताच गाडी एकीकडे ओढते. शू दोन्ही चाकांचे एकदमच बदलावेत. व्हील सिलिंडरच्या (ब्रेक ऑइलच्या दाबाने शू ढकलणाऱ्या छोट्या सिलिंडरच्या) रबरी कपांना मात्र साधे ग्रीस किंवा इंजिन ऑइल मुळीच लावू देऊ नका. रबर फुगते आणि ब्रेक अडकतात. काम चालू असताना स्वतः तिथे उभे राहणे उत्तम.